बंगळुरूतील मनोवैद्यकाचे शिल्पकार : डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी

बंगळुरूच्या दक्षिण भागात होसूर रस्त्यालगत असलेली राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था निम्हान्स या संक्षिप्त नावाने देशभर परिचित आहे. मनोविकार, मेंदूचे आजार, अपघातात डोक्याला झालेली दुखापत, मुलांच्या बौद्धिक वाढीतील अडथळे अशा नाना तक्रारी घेऊन रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येथे येतात. मनाच्या आजाराची आणि मेंदूच्या आजाराची तपासणी एकाच आवारात होते, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय. मनोविकारतज्ज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ, शल्यविशारद आणि मानसशास्त्रज्ञ यांनी एकाच रुग्णाचा एकत्रित विचार करावा, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतात ती तशी नव्हती. त्या काळी जे मोजके वैद्य या कल्पनेसाठी झटले, त्यांत डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी यांचे नाव अग्रभागी आहे. १९०४ मध्ये जन्मलेल्या आणि १९६१ मध्ये निवर्तलेल्या या मनोविकारतज्ज्ञाच्या आयुष्यात भारतीय मनोवैद्यकाची सर्वांत मोठी स्थित्यंतरे सामावलेली आहेत. त्यांतील काही अभिमानास्पद, तर काही आज अस्वस्थ करणारी आहेत.

एक शब्द, अनेक आजार

बंगळुरूतील मनोरुग्णालयाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जातो. सर्जन चार्ल्स आयर्विंग स्मिथ यांच्या पुढाकाराने त्या काळी येथे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. ब्रिटिश भारतात आणि संस्थानांत अशी इस्पितळे ठिकठिकाणी उभी राहत होती. पुढे महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथील मनोरुग्णालये नावारूपाला आली. या इस्पितळांचा मूळ उद्देश उपचारापेक्षा बंदोबस्ताचा होता. भिंत उंच, दरवाजा भक्कम आणि आत माणसांची गर्दी, असे त्यांचे सर्वसाधारण रूप होते.

या गर्दीत कोण कोण असे, याचा विचार केला म्हणजे त्या काळच्या वैद्यकाची अडचण लक्षात येते. तरुणपणी छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, जडलेले रुग्ण तेथे होते. अपस्माराचे झटके येऊन स्मृती मंदावलेले होते. उपदंशाचा संसर्ग वर्षानुवर्षे अंगात राहून अखेरीस मेंदूपर्यंत पोहोचलेले आणि त्यामुळे बुद्धिभ्रंश झालेले होते. जन्मापासून बौद्धिक वाढ खुंटलेली मुले मोठी होऊन तेथेच राहत. आहारातील नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे पेलाग्रा होतो आणि त्यातही भ्रम व बुद्धिऱ्हास दिसतो. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांत हा आजार आढळतो, हे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हैदराबाद येथील संशोधनातून दाखवून दिले. या सर्व रुग्णांना लोकव्यवहारात वेडा हा एकच शब्द होता. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्यातही वेडाची व्याख्या अशीच ढोबळ होती.

वास्तविक या प्रत्येकाची हानी वेगळी होती. कोणाची स्मृती गेलेली, कोणाचे अवधान टिकत नसलेले, कोणाला शब्द सुचत नसलेले, तर कोणाला साध्या कामाचा क्रम लावता येत नसलेला. हे भेद ओळखण्याचे साधन हाती नव्हते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या विकाराला अकाली बुद्धिऱ्हास असे नाव दिले, त्यालाच स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया म्हटले. पहिल्याच्या मते बुद्धीची घसरण हा रोगाचा गाभा होता. दुसऱ्याच्या मते स्मृती आणि बुद्धी मुळात शाबूत राहत असून विचारांची सांधेजोड तुटत होती. गोविंदस्वामींची पिढी या वादाच्या छायेत शिकली.

संस्थानातील अनुकूल काळ

म्हैसूर हे त्या काळी प्रगत संस्थान मानले जाई. कृष्णराज वाडियार चौथे यांच्या कारकिर्दीत शिक्षण, उद्योग आणि आरोग्य या क्षेत्रांत तेथे मोठे काम झाले. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाची स्थापना झाली. १९२४ मध्ये या विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतात कलकत्ता विद्यापीठापाठोपाठ हा विषय प्रयोगशाळेसह शिकवणारे ते एक आरंभीचे केंद्र होते. विभागाचे प्रमुख डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी लंडनमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांच्याकडे शिक्षण घेतले होते. बुद्धिमत्तेच्या मापनाचे शास्त्र घडवणाऱ्या विद्वानांत स्पिअरमन यांची गणना होते. याच गोपालस्वामींनी १९३५ मध्ये म्हैसूर येथील आपल्या घरी खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला आकाशवाणी हे नाव दिले. तेच नाव पुढे देशाच्या नभोवाणीचे झाले.

मनोरुग्णालयाकडेही संस्थानाचे लक्ष होते. १९२५ मध्ये इस्पितळाचे नाव बदलून ते मनोरुग्णालय करण्यात आले. अधीक्षक डॉ. फ्रँक नोरोन्हा यांनी सुधारणांचा आग्रह धरला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत शहराबाहेरच्या मोकळ्या, उंच जागी नवे रुग्णालय बांधण्यात आले आणि १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांना जुन्या जागेतून तेथे हलवण्यात आले. मोकळी हवा, बागा आणि स्वतंत्र कक्ष यांमुळे इमारतीचे रूप पालटले. आत चालणाऱ्या उपचारांचे रूप पालटण्याची जबाबदारी नोरोन्हांनंतर गोविंदस्वामींवर आली.

परदेशी शिक्षणाची शिदोरी

वैद्यकाचे शिक्षण घेतल्यानंतर गोविंदस्वामींनी मनोविकारशास्त्राच्या अभ्यासासाठी परदेशी प्रयाण केले. लंडनचे मॉडस्ली रुग्णालय आणि अमेरिकेतील बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स ही त्या काळातील दोन नामांकित केंद्रे त्यांनी पाहिली. मॉडस्लीचे प्रमुख एडवर्ड मॅपोथर मनोरुग्णालयाला विद्यापीठाची आणि संशोधनाची जोड असावी, या मताचे होते. जॉन्स हॉपकिन्समधील अॅडॉल्फ मायर यांचा भर रुग्णाच्या संपूर्ण जीवनक्रमावर होता. जन्म, आजारपण, शिक्षण, नोकरी, कौटुंबिक आघात यांची वर्षानुसार मांडणी करून रोगाचा उगम शोधावा, शरीर आणि मन यांची फारकत करू नये, असे मायर शिकवत.

मॅपोथर यांनी १९३७-३८ च्या सुमारास भारत आणि श्रीलंकेचा दौरा केला. येथील मनोरुग्णालयांची एकंदर अवस्था पाहून त्यांनी कठोर शब्दांत टीका केली. प्रशिक्षित डॉक्टरांचा अभाव, अपुऱ्या परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयांशी तुटलेला संबंध या उणिवा त्यांनी दाखवल्या. या दौऱ्याच्या आगेमागेच मुंबईत १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. कलकत्त्यात १९३३ मध्येच असा प्रयोग झाला होता. मनोविकारशास्त्र भिंतीबाहेर पडू पाहत होते आणि बंगळुरूला त्यासाठी नवी वास्तू व नवा अधीक्षक मिळाला होता.

उपचारांची घाई आणि एक शस्त्रक्रिया

१९३० ते १९४५ या काळात मनोविकारांवर एकापाठोपाठ एक नवे उपचार पुढे आले. व्हिएन्नातील मान्फ्रेड झाकेल यांनी इन्शुलिन देऊन रुग्णाला काही काळ बेशुद्धीत नेण्याची पद्धत मांडली. बुडापेस्टच्या मेदुना यांनी १९३४ मध्ये औषधाने झटके आणण्याचा प्रयोग केला. रोममध्ये चेर्लेत्ती आणि बीनी यांनी १९३८ मध्ये त्याच हेतूने विजेचा वापर केला. उपदंशजन्य बुद्धिभ्रंशावर मलेरियाचा ताप उत्पन्न करण्याचा उपचार त्याआधीच रूढ होता आणि त्यासाठी व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मनोविकारांवरील परिणामकारक गोळ्या अद्याप अस्तित्वात नव्हत्या. अशा स्थितीत गोविंदस्वामींनी या आधुनिक उपचारपद्धती बंगळुरूत आणल्या. त्यांच्या रुग्णालयाला प्रगत केंद्राचा लौकिक मिळण्याचे हे एक कारण होते.

याच मालिकेतील एक उपचार म्हणजे ल्युकोटॉमी. लिस्बनचे एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम करवून घेतली. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे ललाटखंड, मेंदूच्या आतील भागांशी ज्या तंतूंनी जोडलेला असतो, ते तंतू तीत कापले जातात. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स यांनी १९३६ पासून तिचा मोठा प्रसार केला. बंगळुरूत गोविंदस्वामी आणि शल्यविशारद डॉ. बी. एन. बालकृष्ण राव यांनी भारतीय रुग्णांवर ही शस्त्रक्रिया केली आणि १९४४ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दुसरे महायुद्ध सुरू असताना एका भारतीय संस्थानातील रुग्णालयाने जगातील अग्रगण्य नियतकालिकात स्थान मिळवावे, ही त्या काळी मोठी गोष्ट मानली गेली. मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले.

आज या शस्त्रक्रियेकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते. अनेक रुग्ण तिच्यानंतर शांत झाले. त्यांची धावपळ, भीती, हिंसक उद्रेक कमी झाले. मात्र ललाटखंडाचे संबंध तुटल्याने काहींची स्वतःहून काही करण्याची इच्छा ओसरली, पुढचा विचार करण्याची शक्ती क्षीण झाली, स्वभावातील ओलावा आटला. रोगाची हानी कमी करताना उपचाराने नवी हानी केली होती. युरोप-अमेरिकेत या रुग्णांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या गेल्या, तेव्हा सुरुवातीला अनेकांचे गुण फारसे घसरलेले आढळले नाहीत. शब्दांचे अर्थ, बेरीज-वजाबाकी, सामान्यज्ञान हे सारे जागच्या जागी होते. घरी परतलेल्या माणसाला दिवसाची कामे क्रमाने लावता येत नव्हती, हे त्या चाचण्यांना दिसत नव्हते. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली पोर्टियस यांच्या चक्रव्यूहासारख्या कोड्यांच्या चाचणीत मात्र घट दिसून आली, कारण तीत पुढचा मार्ग आधी मनात आखावा लागतो. बुद्धी ही एकसंध वस्तू नसून तिच्या वेगवेगळ्या शक्ती वेगवेगळ्या रीतीने मोजाव्या लागतात, हा धडा अनेक रुग्णांच्या नुकसानीतून मिळाला.

गोविंदस्वामींच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा अध्याय वगळता येत नाही. त्या काळात जगभरच्या नामवंत रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया स्वीकारली होती आणि दुसरा उपाय नसलेल्या कक्षांत डॉक्टरांना ती आशेचा किरण वाटली, हे खरे. रुग्णाच्या संमतीचा जो अर्थ आज घेतला जातो, तो तत्कालीन कायद्यात नव्हता, हेही तितकेच खरे. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवरील गुण सिद्ध झाला. ही गोळी जगभर पोहोचू लागली तसतशी ल्युकोटॉमी मागे पडली. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि राज्य मंडळाची मंजुरी आवश्यक केली आहे. भूल न देता विजेचे उपचार करण्यासही या कायद्याने मनाई केली.

अखिल भारतीय संस्थेची स्थापना

दरम्यान देशपातळीवर आरोग्यव्यवस्थेचा मोठा आढावा घेतला जात होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यासाठी रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातील १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली. या सर्व रुग्णालयांत मिळून सुमारे १०,००० खाटा होत्या. इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकसंख्येमागे एक खाट असताना भारतात हे प्रमाण सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे एक असे होते. बहुतेक इमारती उपचारासाठी नव्हे तर कोंडून ठेवण्यासाठी बांधल्या गेल्या आहेत, असा निष्कर्ष त्या पाहणीतून निघाला. मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण देणारी संस्था देशातच असली पाहिजे, ही निकड त्यातून पुढे आली.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकार आणि म्हैसूर सरकार यांच्या सहकार्याने १९५४ मध्ये बंगळुरू येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. राजकुमारी अमृत कौर तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. मनोरुग्णालयाच्या आवारातच ही संस्था उभी राहिली आणि तिच्या संचालकपदाची धुरा गोविंदस्वामींकडे आली. तोवर मनोविकारशास्त्रात पदविका घ्यायची तर बहुतेक भारतीय डॉक्टरांना इंग्लंडला जावे लागे. आता ते शिक्षण देशात उपलब्ध झाले.

संस्थेच्या रचनेत गोविंदस्वामींची दृष्टी स्पष्ट दिसते. डॉक्टरांसाठी मनोविकारशास्त्राची पदविका सुरू झाली, त्याच वेळी मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला. पाठोपाठ परिचारिकांसाठी मानसोपचार परिचर्येचे शिक्षण आले. रुग्णालयात काम करणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ ही भारतात नवी गोष्ट होती. डॉक्टरने औषध द्यावे आणि मानसशास्त्रज्ञाने रुग्णाची स्मृती, अवधान, बुद्धी आणि व्यक्तिमत्त्व यांची तपासणी करून निदानास हातभार लावावा, अशी कामाची वाटणी झाली. १९५८ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्रशिक्षण घेतलेले मेंदूशल्यविशारद डॉ. आर. एम. वर्मा बंगळुरूला आले. त्यांनी कंपवातासारख्या विकारांवरील शस्त्रक्रियांत पुढे मोठा लौकिक मिळवला. मनोविकारांच्या संस्थेत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग वाढू लागला आणि मन व मेंदू यांच्यातील भिंत एका आवारात तरी सैल झाली.

मोजपट्टी कोणाची

मानसशास्त्रज्ञ आले, तसा एक मूलभूत प्रश्न पुढे आला. रुग्णाची स्मृती कमी झाली आहे असे म्हणायचे, तर निरोगी माणसाची स्मृती किती, हे ठाऊक असावे लागते. उपलब्ध चाचण्या इंग्लंड-अमेरिकेतील शाळा शिकलेल्या लोकांवर बेतलेल्या होत्या. ज्या शेतकऱ्याने कधी पेन्सिल धरली नाही, त्याला आकृती काढायला सांगून त्याच्या मेंदूबद्दल अनुमान करणे धोक्याचे होते. शाळेत न गेलेल्या मुलाला मंदबुद्धी ठरवले गेले, तर त्याचे आयुष्यच बदलण्याची भीती होती.

या प्रश्नावर उत्तर शोधण्याचे आरंभीचे महत्त्वाचे काम मराठी आणि कन्नड मुलांवरच झाले होते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले. १९३४ मध्ये त्यांनी आपले संशोधन ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी या नावाने हे साधन पुढील अनेक दशके देशभरच्या रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरात राहिले. बंगळुरूही त्याला अपवाद नव्हते. १९५५ मध्ये डॉ. सी. एम. भाटिया यांची कृतिचाचण्यांची मालिका प्रसिद्ध झाली. ठोकळे जुळवणे, चित्र पूर्ण करणे अशा कामांवर ती आधारलेली होती आणि निरक्षर व साक्षर मुलांसाठी तीत वेगवेगळे निकष होते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे मुंबई राज्यातील जिल्हे म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले. साहजिकच या भागातील मराठी कुटुंबांनाही बंगळुरू हे आपल्या राज्याचे वैद्यकीय केंद्र झाले. तेलुगू, तमिळ, उर्दू, कन्नड, मलयाळम आणि मराठी बोलणारे रुग्ण एका आवारात आले, म्हणजे चाचणीची भाषा हा प्रश्न अभ्यासाच्या खोलीपुरता राहत नाही. कन्नड न जाणणाऱ्या रुग्णाचे मौन हे भाषेच्या अडचणीचे की मेंदूच्या दुखापतीचे, याचा निर्णय दुभाष्याच्या मदतीने, सावधपणे घ्यावा लागतो.

भारतीय विचारांचा शोध

गोविंदस्वामींच्या व्यक्तिमत्त्वाची आणखी एक बाजू उल्लेखनीय आहे. पाश्चात्त्य मनोविकारशास्त्रात पारंगत असलेल्या या वैद्याला भारतीय तत्त्वज्ञान आणि आयुर्वेद यांचे मोठे आकर्षण होते. भारतीय दर्शने आणि आयुर्वेद यांत मनाविषयी जो विचार झाला आहे, त्याचे मनोवैद्यकाच्या दृष्टीने संशोधन व्हावे, अशी मांडणी त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस केली. स्मृती, बुद्धी, अहंकार, चित्त हे शब्द वैद्यकाला नवे नाहीत. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार यांची स्वतंत्र चर्चा आहे आणि उन्मादाच्या वर्णनात मन, बुद्धी, स्मृती यांसारख्या शक्तींचा बिघाड सांगितला आहे. जुन्या ग्रंथांना प्रमाण मानून थांबण्यापेक्षा त्यांतील निरीक्षणांची आधुनिक पद्धतीने पारख करावी, अशी ही दिशा होती.

संस्थेने १९५०च्या दशकाच्या अखेरीस आपले संशोधनपर प्रकाशनही सुरू केले. त्यात शरणागती या संकल्पनेचा मानसिक स्वास्थ्याच्या संदर्भात विचार करणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. ललाटखंडाच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लॅन्सेटमध्ये देणारा डॉक्टर पंधरा वर्षांनी शरणागतीवर लिहितो, यात काहींना विसंगती वाटू शकेल. मनुष्याला शरीर, मन आणि श्रद्धा यांसह पाहावे, हा मायर यांचा संस्कार आणि घरचे तत्त्वज्ञान यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता, असेही त्याकडे पाहता येते.

मागे राहिलेले काम

१९६१ मध्ये गोविंदस्वामींचे निधन झाले, तेव्हा ते साठीच्याही अलीकडे होते. त्यांनी ज्या संस्थेची उभारणी केली, ती तेव्हा अवघ्या सात वर्षांची होती. २७ डिसेंबर १९७४ रोजी मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय संस्था यांचे विलीनीकरण होऊन निम्हान्सची स्थापना झाली. १९९४ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

रुग्णाच्या बौद्धिक शक्तींची बारकाईने तपासणी करण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी वाढवले. डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी मेंदू आणि मानसशास्त्र यांचा संबंध अभ्यासणाऱ्या शाखेची येथे पायाभरणी केली. २००४ मध्ये शोभिनी राव, डी. के. सुब्बकृष्ण आणि के. गोपुकुमार यांनी तयार केलेली चाचण्यांची मालिका प्रसिद्ध झाली. बोटांची हालचाल, अवधान, शब्दांचा ओघ, नियोजन, ऐकलेले आणि पाहिलेले लक्षात ठेवण्याची क्षमता यांची त्यात स्वतंत्र तपासणी होते. वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार भारतीय लोकांचे निकष त्यात दिलेले आहेत. निरक्षर व्यक्तीची तुलना पदवीधराशी होऊ नये, ही गोष्ट त्यात जमेस धरली आहे.

या तपासणीचा उपयोग निदानापुरता मर्यादित नाही. दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार बसलेला तरुण हाडे जुळल्यावर बरा झाल्यासारखा दिसतो. कामावर परतल्यावर मात्र त्याला दोन सूचना एकदम लक्षात ठेवता येत नाहीत, हिशेब चुकतो, राग आवरत नाही. घरचे लोक त्याला आळशी किंवा हट्टी समजतात. छिन्नमनस्कतेचा रुग्ण गोळ्यांनी भास थांबल्यानंतरही नोकरी टिकवू शकत नाही, तेव्हा त्यामागे अवधान आणि नियोजनाची कमतरता असू शकते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. नेमकी कोणती शक्ती क्षीण झाली हे कळले, तर तिच्या सरावाची कामे ठरवता येतात, वही आणि घड्याळाची मदत घेता येते, कुटुंबाला समजावता येते. बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलाबाबतही त्याला काय येते, याची नोंद काय येत नाही याइतकीच महत्त्वाची ठरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोहोंना वेगवेगळे स्थान दिले. एकाच शब्दात सर्वांना कोंबण्याची जुनी सवय कायद्याने तरी सोडली.

अर्थात गरज आणि सोय यांतील अंतर अद्याप मोठे आहे. निम्हान्सच्या नेतृत्वाखाली १२ राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १८ वर्षांवरील १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. स्मृती आणि अवधान यांची सविस्तर तपासणी तर जिल्ह्याच्या ठिकाणीही दुर्मीळ आहे.

गोविंदस्वामींचे नाव बंगळुरूच्या या आवारातील एका केंद्राला देण्यात आले आहे. त्यांच्या हातून झालेली शस्त्रक्रिया आज कोणी करणार नाही आणि त्यांनी वापरलेले इन्शुलिनचे उपचार इतिहासजमा झाले आहेत. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र टिकून आहे. नवा रुग्ण आला, की डॉक्टर त्याची शारीरिक तपासणी करतात, घरच्यांकडून त्याच्या आयुष्याची हकिकत विचारली जाते आणि गरज असेल तर मानसशास्त्रज्ञ त्याच्या समोर बसून त्याला समजेल त्या भाषेत पहिला प्रश्न विचारतात.